दांड्यावरचं कडं

माझ्या स्वयंपाकघरात पोरींना बोलायची बंदी होती. तेल तापलेलं, पुढ्यात विळी आणि कानाशी प्रश्नांचा भडिमार, हे मला झेपत नाही. नवऱ्याचं उलटं. श्रावणात बाया रस्त्याकडेला टेकोडे, म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली अळंबी, विकायला बसल्या की तो दोन वाटे आणायचा आणि नऊ वर्षांच्या थोरलीला घेऊन अंगणात बसायचा. एकेक टेकोडा उलटा करून बघायचा, लांब मूळ खरडायचा, मगच परातीत टाकायचा. मी आतून टोमणे मारायची, "भाजी आज होईन का उद्या?"

त्या रविवारी तो कामावर एटापल्लीला होता. टेकोडे मीच आणले. घरामागच्या शेणखताच्या ढिगापाशी दोन मोठे, पांढरेशुभ्र आणखी दिसले, तेही उपटले. थोरली न बोलावता शेजारी येऊन बसली. त्यातला एक हातात घेऊन तिनं उलटा केला आणि म्हणाली, "आई..."

"एक शब्द बोलली तर बाहेर काढीन."

तिनं तो परत परातीत ठेवला. मी सगळे चराचरा चिरून कढईत टाकले.

चार वर्षांच्या धाकटीला धीर नव्हता, तिला आधी भरवलं. थोरली भूक नाही म्हणाली. फुगली असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही आणि धुणं धुवायला गेले. तासाभरानं धाकटी पोट धरून रडायला लागली. मग उलट्या. तिसऱ्या उलटीनंतर तिनं मान टाकली. शेजारच्या भाऊंनी ऑटो काढला. रस्ताभर मी तिचे गाल थापटत होते. थोरली माझा पदर धरून बसली होती.

दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "अळंबी कशी होती?"

"पांढरी," मी म्हटलं. मी ती नीट पाहिलीच नव्हती.

"दोन वेगळे होते," थोरली म्हणाली. "दांड्याले कडं होतं. खालून हिरवट. लांब मूळ नव्हतं. टेकोड्याले मूळ रायते."

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि आणखी चार प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. मग ते मला म्हणाले, ही जात बहुतेक पोटच बिघडवते, यकृत जाळणारी वाटत नाही. तरी उद्यापर्यंत इथेच ठेवू. दुपारभर मी धाकटीच्या ओठांकडे बघत होते. उन्हं कलताना तिनं पाणी मागितलं, ते पोटात टिकलं, आणि मी रडले.

डोळे पुसल्यावर राग आला, आणि तो निघाला थोरलीवरच. "तुले माईत होतं तर ओरडली काऊन नाई?"

"मले वाटलं, तुले माईत असन," ती म्हणाली. पायाच्या अंगठ्याकडे बघत पुढे म्हणाली, "अन् बोलली असती तर तू बाहेर काढलं असतं. मले तुह्यापाशी बसाचं होतं."