काकांचं 'पॉसिबल'

आमच्या काकांचं कपडे धुलाईचं दुकान आहे आणि डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. 'नाही' म्हणण्यात मात्र ते पहिल्यापासून कच्चे. गिऱ्हाइकानं डाग दाखवला की ते कापड उलटं करतात, उजेडात धरतात आणि विचारतात, यावर इस्त्री फिरवली होती का? इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो. फिरवली नसेल तर काका म्हणतात, "निघेल." फिरवली असेल तर तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून म्हणतात, "पॉसिबल आहे." गिऱ्हाईक खुशीत जायचं आणि चार दिवसांनी त्याची समजूत काकूला घालावी लागायची. काकूचा आवाज असा, की भांडायला आलेला माणूस पिशवी विसरून जायचा. लहानपणी सिनेमाला जाऊ का विचारल्यावर काका 'पॉसिबल' म्हणाले, की आम्ही पोरं निमूट चपला काढून ठेवायचो.

त्याच काकूचा आवाज बसला. सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. आता दुकानात शांतता नांदेल, असं काकाच म्हणाले. वाफेमुळे होतं, गुळण्या कर, असं करत महिने गेले. शेवटी घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनही नीट झालं. मग काकांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आवाज पहिल्यासारखा येईल ना? बाईंनी उलट विचारलं, त्रास सुरू झाल्यावर किती दिवसांनी दाखवलंत? काकांनी खाली बघत सांगितलं, बरेच महिने गेले.

"पॉसिबल आहे," बाई म्हणाल्या.

काका तिथल्याच बाकावर बसले. मी शेजारीच उभी होते. मी त्यांना समजावलं की शक्य आहे म्हणजे शक्य आहे, सगळी माणसं तुमच्यासारखी नसतात.

"आधी इस्त्रीचं विचारलं तिनं," काका म्हणाले. "ऐकलं नाहीस?"

डॉक्टरीणबाई सांगतील तोवर काकूनं अवाक्षर काढायचं नव्हतं. ती गल्ल्यामागे बसायची आणि काही हवं असलं की टेबलावर हँगर आपटायची. प्रत्येक वेळी काका दचकायचे. पांढऱ्या चादरींत त्यांनी लाल मोजा धुवायला टाकला, उभ्या जन्मात पहिल्यांदा. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, कारण डागाच्या बाबतीत काकांचा अंदाज कधी चुकलेला नव्हता.

अशात एक बाई शाईचा डाग पडलेला शर्ट घेऊन आल्या. इस्त्री झालेली होती. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाले, "नाही निघणार. उगाच आशेला लावत नाही तुम्हाला."

बाईंचा चेहरा पडला. शर्ट पिशवीत कोंबून त्या निघून गेल्या.

मागून आवाज आला. जाडाभरडा, मध्येच तुटणारा.

"अहो, निदान हात लावून तरी बघायचं."

काका गर्रकन वळले आणि काकूवर ओरडले, बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना, कळत कसं नाही तुला? काकूनं हँगर उचलला. तिचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, आम्हा तिघांनाही ते कळलं होतं. काका तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"हळू म्हण," ते म्हणाले. "पण आणखी एकदा म्हण."