दोघांपुरती होडी

आमच्या घरात भांडणं मोठ्या आवाजात होत नाहीत. आम्ही अबोला धरतो. माझे वडील धरायचे, त्यांचे वडील धरायचे. मग धाकट्यानं कधीतरी आपणहून येऊन पडतं घ्यायचं, चहा व्हायचा आणि मिटायचं. स्टुटगार्टला येऊन मला वीसेक वर्षं झाली. बऱ्याच गोष्टी मी पुण्यालाच ठेवून आलो, ही तेवढी आणली.

मुलगी आबिटूर झाली, म्हणजे इथली बारावी. मेकॅनिकलला प्रवेशही मिळाला होता. मी स्वतः मेकॅनिकलचा. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो. आणि एका संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं की ती प्रवेश सोडतेय आणि वर्षभर आफ्रिकेत जातेय. ओकावांगो नदी जिथं समुद्राला न मिळता वाळवंटातच पसरून जाते, तिथल्या एका पर्यावरणस्नेही लॉजवर, स्वयंसेवक म्हणून. मी ताट उचललं, घासून ठेवलं आणि तिच्याशी बोलायचा थांबलो.

ती निघाली त्या दिवशी मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती. आमच्या इमारतीच्या तळघरात, टीफगराजमध्ये, मी गाडीत बसून होतो. वरच्या फरशीवरून तिच्या बॅगेची चाकं खडखडत गेली. ती मला ऐकू आली. मी उतरलो नाही. हे बायकोलाही मी अगदी अलीकडे सांगितलं.

दर रविवारी ती फोन करायची. बायको टेबलाशी बसून बोलायची, मी स्वयंपाकघरात भांडी घासायचो.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोनं तिकडची तिकिटं काढली. मला विचारलं नाही, सांगितलं.

लॉज म्हणजे लाकडी चौथऱ्यांवरचे कापडी तंबू. वीज सूर्याची, आंघोळीला गरम पाण्याची एकच बादली वर टांगलेली, प्लास्टिक औषधालाही नाही. अंधार पडला की सोबतीशिवाय तंबूबाहेर पाय टाकायचा नाही, कारण हत्ती वाटेतच उभे असतात. धक्क्यावर मुलगी उभी होती. केस बारीक कापलेले, रापलेली, नखांत ग्रीस. आईला मिठी मारली. मला म्हणाली, "हालो, बाबा." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा पंप दुरुस्त करत होती. आम्ही दोघं शेजारी उभे. नट तिनं आधी हातानंच फिरवत आणला आणि मग पाना लावला. तळघरात सायकल उघडून हे मीच तिला शिकवलं होतं. तेच तिला सांगावंसं वाटलं, आणि तोंडातून काय निघालं, तर बायकोला म्हणालो, "वॉशर राहिलाय म्हणावं."

लेक मान वर न करता आईला जर्मनमध्ये म्हणाली, "सांग त्याला, खाली आहे. वाकलं तर दिसेल."

"मी काय पोस्टमन आहे?" बायको उखडली. "विमानं बदलून इथवर आलो ते वॉशरसाठी? तिला मराठी कळतं, तुला जर्मन कळतं. घाला काय तो गोंधळ!"

संध्याकाळी होडीतून फिरायला जायचं होतं. इथली होडी अरुंद, दोन माणसं एकामागे एक बसतात आणि होडीवाला मागे उभा राहून लांब काठीनं ढकलतो. आयत्या वेळी बायकोची कंबर धरली. सकाळी बॅग एकटीनं उचलली होती तेव्हा कंबर ठणठणीत होती. "जा तुम्ही दोघं," असं म्हणून ती खुर्चीत बसलीसुद्धा.

मुलगी पुढे बसली, मी मागे. पाणघोडे असतात म्हणून हळू बोलायचं, असं होडीवाल्यानं बजावलं होतं. बोलणार होतं कोण? दोन्ही बाजूंना उंच गवत, काठीचा तेवढा आवाज. माझ्यासमोर तिची मान होती, उन्हानं सोललेली. सायकलच्या पुढच्या सीटवर बसायची तेव्हाही मला हीच मान दिसायची.

"मलम लावत जा," मी म्हणालो.

ती मग पाण्याकडे बघत, जर्मनमध्येच म्हणाली, "हा पाऊस कित्येक महिन्यांपूर्वी अंगोलात पडलाय. इथं पोचायला एवढा वेळ लागतो. उतारच नाही ना."

"त्या दिवशी मीटिंग नव्हती," मी म्हणालो. "खाली गाडीत होतो."

ती मागे न वळता म्हणाली, "आई म्हणाली, बाबानं अबोला धरलाय. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी काय करायचं असतं? ती म्हणाली, जाऊन सॉरी म्हण. पण मी काय केलं होतं, बाबा? मला वाटलं, हे आता असंच राहणार."

एवढे महिने मी तिची वाट बघत होतो. आणि ज्या खेळात तिनं यायचं होतं त्याचे नियम तिला ठाऊकच नव्हते. त्या खेळात मी वाढलो होतो, ती नव्हती.

"तू काही केलं नव्हतंस," मी म्हणालो. "चुकलं माझं." आमच्या घरात थोरल्यानं हे म्हटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

"पण तू ऐकायचास," ती म्हणाली.

"काय?"

"रविवारी. मी बोलायला लागले की आतला नळ बंद व्हायचा. आई बोलायला लागली की परत सुरू." तिचे खांदे हलले. हसत होती की काय, मागून कळेना. "म्हणून मी मुद्दाम जास्त बोलायचे."

मी हात पुढे केला आणि तिच्या मानेवर ठेवला. तापली होती. होडीवाल्यानं काठी रोवून होडी थांबवली. गवतापलीकडे एक हत्तीण पाण्यात उतरत होती. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो, निदान मी तरी बघितल्यासारखं केलं.

मेकॅनिकलचं काय, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. तिनं तिथला मुक्काम वाढवलाय.

आता रविवारी टेबलाशी मी बसतो. मला फार बोलता येत नाही. या आठवड्यात केरवोखं, म्हणजे इमारतीच्या सफाईची पाळी, आपली आहे, जिना मी झाडला, खालच्या मजल्यावरच्या आजींनी तरी नाक मुरडलंच, असलं काहीतरी सांगतो. ती "हो, हो" करत ऐकते, मग तिच्या पंपाचं सांगते. परवा तिचा आवाज नीट येईना, म्हणून मी आत वळून बायकोला ओरडलो, "अगं, नळ बंद कर जरा!"