कौसाबाईंच्या कार्डावरची सही

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. अंगात येणं, करणी, चकवा... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

मी जालन्यात राहते आणि टीबीवरच्या एका संशोधन प्रकल्पात काम करते. अंबड तालुक्यातल्या गावांत फिरायचं, पेशंटचं वजन घ्यायचं, गोळ्यांची रिकामी पाकिटं तपासायची, कार्डावर नोंद करून सही करायची. वैशाली माझ्याच कामावर, तिची गावं वेगळी. तिचा एकही पेशंट औषध सोडायचा नाही. दर मीटिंगला सर तिचं कौतुक करायचे आणि मी मान खाली घालून फॉर्म चाळत बसायचे. खोटं कशाला सांगू — तिचा एखादा तरी पेशंट बिघडावा, असं मला वाटायचं.

माझ्या यादीत कौसाबाई होत्या. उलट्या होतात म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मी दोनदा दारातूनच समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला आणि ‘औषधास नकार’ लिहून मोकळी झाले.

पुढच्याच आठवड्यात मला ताप आला. गुरुवारी तर शुद्धच नव्हती म्हणा ना. आई दिवसभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत उशाशी बसून होती.

सोमवारी गावात गेले, तर कौसाबाई ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या. सून म्हणाली, "गोळ्या चालू केल्या त्यांनी. गुरुवारी ताई आल्त्या ना. दुधात भाकर कुस्करून चारली, मंग गोळ्या देल्या. उलटी व्हती का काय म्हणून दुपारपस्तोर पाठीवरून हात फिरवत बसल्या."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे वैशाली आता माझ्या गावातही शिरली...

"वैशालीताई आल्त्या ना?" मी विचारलं.

"कोन वैशाली? तुमीच की," सून म्हणाली.

"मी तापानं घरी पडून होते."

कौसाबाई हसल्या. "मस्करी करून राह्यल्या का बाई?"

मी कार्ड मागितलं. गुरुवारची नोंद होती, वजन होतं. खाली सही माझी. शेवटचं अक्षर मी ओढून खाली नेते, तेही तसंच.

वैशाली गुरुवारी दिवसभर जालन्यात ट्रेनिंगला होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वजनकाटा माझ्या कपाटात. आईला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "तुला कूस बदलायला मी हात लावत होते, तू कुठं जातीस?"

कौसाबाईंनी कोर्स पुरा केला. शेवटच्या तपासणीत रिपोर्ट निगेटिव्ह आला. मीटिंगमध्ये सरांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं, वैशालीनं टाळ्या वाजवल्या... आणि मी ते कौतुक तसंच घेतलं.

रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा कौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, त्या दिशी कशा निवांत बसल्या व्हत्या. आज लई घाई हाय का?"

मी बसले. पाठीवरून हातही फिरवून पाहिला. पण त्यांना तो हात ओळखीचा वाटला नाही, हे मला कळलं.

कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला झालेला नाही. वैशालीचा हेवा केव्हाच संपला. गुरुवारी आलेल्या त्या बाईचा मात्र अजून वाटतो.