झाकण उघडं असताना

जेट चांगलं की स्प्रिंग, असं कोणी विचारलं तर मी आजही जेटच म्हणतो. स्प्रिंग तुंबलेल्या ड्रेनेजच्या लाईनीत नुसतं भोक पाडते, जेटचं पाणी पाईप आतून घासून काढतं. माझा धंदा जेटवर उभा राहिला आणि तो मी स्वतः उभा केला. याच जेटपायी माझा मोठा भाऊ मला सोडून गेला.

गौतमपुऱ्याहून आम्ही दोघं इंदूरला आलो तेव्हा आमच्याकडे हाताने फिरवायची एक स्प्रिंग होती, बस. जाड तारेची लांबलचक वेटोळी आणि पुढच्या टोकाला आकडा. मी घरामागच्या चेंबरातून ती आत सरकवायचो, दादा रस्त्याकडच्या चेंबरापाशी उकिडवा बसून वाट बघायचा. झाकण उघडं असेपर्यंत कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही, हा त्याचा नियम. "खाली कोण ऐकतंय, काय माहीत," म्हणायचा, आणि हे म्हणताना हसायचा नाही. त्यामुळे आमचं बोलणं तारेतूनच चालायचं. टोक हाती लागलं की तो आधी हलकेच ओढायचा, सोडून द्यायचा, आणि मग करकचून ओढायचा. माझ्या तळव्याला ते बरोबर कळायचं.

पुढे मी जेट घ्यायचं ठरवलं तेव्हा दादा अडून बसला. "जुन्या वस्तीत मातीचे पाईप आहेत, चुन्याचे जोड. प्रेशर दिलं की उघडतील."

"तो वहाँ मत दे ना प्रेशर! बाकी सगळं शहर पडलंय की!"

आवाज चढले आणि तो धंदा सोडून उठून गेला. तेही मी सोडून दिलं असतं. पण थोड्याच दिवसांत तो एका बड्या ठेकेदाराच्या जेटच्या गाडीवर बसून माझ्याच गल्लीतून गेला. माझ्या जेटला नाही म्हणणारा माणूस! पुढे तापाने तो गेला. मी खांदा दिला, पण खांद्यावर तिरडी असतानाही डोक्यात ती गाडीच होती. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर स्प्रिंग हातात घेणं मी टाळू लागलो. कधी एकट्याने चालवावी लागली, तर पलीकडे कोणी नसताना तळव्याला ओढ लागायची. झाडाच्या मुळात तार अडकते, तशी अडकली असेल. पण मूळ ओढून सोडून देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात स्नेहलतागंजातून एका काकांचा फोन आला. बँकेतून रिटायर झालेले, आपले मराठीच. मोरीचं पाणी उलटं येत होतं. त्यांची लाईन परसातल्या चेंबरातून निघून थेट एका खोलीखालून रस्त्याकडे जात होती, आणि त्या खोलीत त्यांची म्हातारी आई होती. खुब्याचं हाड मोडलेलं, जागची हलवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पाणी तिच्या उंबऱ्याला लागलं होतं. त्यात लाईन फुटली असती, तर तिच्या खाटेखालची फरशी उखडावी लागली असती.

"भिया, भाव थोडा कमी करा," काका इंदुरी वळणाने म्हणाले.

"काका, घासाघीस करत बसा, तोवर पाणी आत येतंय."

भाव माझाच राहिला. मी गाडीवरून जेटचा पाईप ओढायला लागलो तसे ते मध्ये आले. "हे नको. स्प्रिंग नाही आणली?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मागे अशीच गाडी आली होती. गाडीवरचा माणूस म्हणाला, इथे जेट लावणार नाही. घरी जाऊन स्वतःची हाताची स्प्रिंग घेऊन आला. लाईन खोलली, पण तार आतच तुटली. म्हणाला, परत चोक झाली तर माझ्या भावाला बोलवा. नंबर त्यानेच दिला तुमचा." काका जरा घुटमळले. "म्हणाला, ओरडेल खूप, भाव सोडणार नाही, पण ऐकून घ्या."

माझं डोकं सणकलं. "मग हे मला येऊन सांगायला काय झालं होतं त्याला?"

"मला काय माहीत भिया? हळू बोला, आई झोपलीय."

मी परसातलं झाकण उचललं. पाईप तांबूस, मातीचा. जोडातला चुना बोट लावताच भुगा झाला. जेट लावलं असतं तर पाणी सरळ म्हातारीच्या खाटेखाली निघालं असतं. दादाचं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चरफडत स्प्रिंग काढली. काकांना हातमोजे देऊन पुढच्या चेंबरापाशी पाठवलं. घराशेजारच्या बोळातून ते मला दिसत होते.

"टोक आलं की हात वर करा. हाक मारू नका."

"का हो?"

"नका म्हटलं ना!"

तार सरकत गेली आणि खोलीच्या खाली अडली. आत म्हातारी खोकत होती. मी फिरवत राहिलो. मग तळव्याला हलकीच ओढ लागली. सुटली. आणि मग करकचून लागली.

मी बोळातून पाहिलं. काका चेंबरापासून लांब, भिंतीला टेकून चष्मा पुसत होते.

मीही जीव खाऊन ओढलं. घशातून आल्यासारखा आवाज करत सगळं पाणी खाली गेलं. माझ्या आकड्यात तुटलेल्या तारेचा तुकडा अडकून आला. त्याचं टोक पीळ देऊन हातोडीने चपटं केलेलं होतं. असा आकडा दादाच करायचा. आकड्यात आकडा गुंतला, म्हणून ओढ लागली असेल. एवढं मलाही कळतं.

पाणी उतरल्याचा आवाज ऐकून म्हातारीने आतून विचारलं, "कोण आलंय रे? मागच्या वेळचाच का?"

काका धावत आले होते.

"त्याचा भाऊ," मी म्हटलं.

झाकण अजून उघडंच होतं आणि दादाचं नाव ओठापर्यंत आलं होतं. आधी झाकण नीट बसवलं. मग त्याला नावाने हाक मारली, इतक्या जोरात की काका पुन्हा म्हणाले, "भिया, हळू." मी तळवा झाकणावर ठेवून तसाच बसून राहिलो. लोखंड उन्हाने तापलं होतं. हाताला ओढ काही लागली नाही.