माटोळीतला साठावा जिन्नस

बायकोने उत्तरेकडच्या एका थंड गावाहून जपानी सॅक्सिफ्राजची तीन रोपे आणली होती. पाने गोल, मागून तांबूस. फुले शरदात येतात, पांढरी, खालच्या दोन पाकळ्या लांब. पेडण्याच्या उकाड्यात दोन रोपे पहिल्याच मे महिन्यात गेली. तिसरे तिने विहिरीमागच्या सावलीत ठेवले. कुंडीला ओले गोणपाट, पाणी सकाळी दोन पेले, संध्याकाळी एक. चार वर्षे नुसती पाने. आमच्या एकत्र घरात तिची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट.

पाचव्या वर्षी, गणेशचवथीच्या आधी, एक दांडा वर आला. मी मोजल्या, एकवीस कळ्या.

गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, माटोळीला, रानातली फळेफुले बांधायची, आणि त्यांची यादी करायचे काम दरवर्षी माझे. आदल्या संध्याकाळी कवंडळे, कांगण्या, घागऱ्या धरून एकोणसाठ जिन्नस भरले. शेजाऱ्यांकडे साठ होते. मी मोठ्याने म्हणालो, "एक कमी पडतोय."

सकाळी माटोळीच्या मधोमध तो दांडा पानांसकट लटकत होता. वहिनीने मुळापासून कापला होता.

"वहिनी, फुलायचं होतं ते अजून."

"देवाक वाहिलंय भावोजी, उकिरड्यार नाही टाकलं," वहिनी म्हणाली. "कमी पडतोय म्हणून तुम्हीच बोंब मारली ना?"

दादा हसला. "लिही रे, साठ! अख्ख्या वाडीत कोणाकडे नसेल असला जिन्नस."

देवाला दिलेले परत कसे मागायचे? बायको दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे न बघता यादीत लिहिले, साठ, जपानी फूल.

आरती झाली. लोक माटोळी बघून वाहवा करून गेले. कळ्या दीड दिवसात सुकल्या. एकही उमलली नाही.

विसर्जनानंतर मी विहिरीमागे गेलो. बायको कुंडीतली माती उकरत होती.

"मूळ जिवंत असेल," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी येईल परत."

"आणि पुढच्या वर्षी चवथ नाही?"

तिने माती माडाच्या आळ्यात ओतली, कुंडी धुतली आणि वहिनीला हवी का म्हणून विचारायला आत गेली.