बिटाच्या रसातलं डाळिंब

साळूबाईंना डाळिंबाचं भारी वेड. कोरेगावच्या आठवडी बाजारात एक वेळ भाजी विसरतील, डाळिंब विसरणार नाहीत. म्हणूनच मुलाची पलटण सीमेवर गेली तेव्हा त्यांनी म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढं नेमकं तेच सोडलं. नावडतं कारलं सोडून देवाला गंडवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "ऋषिराज धड घरी येईस्तवर डाळिंबाचा दाणा तोंडात घालायची न्हाई," असं बोलून त्या उठल्या आणि विषय संपला.

त्यांची सून क्रांती तेव्हा शेजारीच उभी होती. हात तिनंही जोडले होते, पण नवससायास तिला फारसे पटत नसत. तिचा विश्वास डॉक्टरांवर. दिवाळीच्या सुमाराला साळूबाई अंगणातून घरात येईपर्यंत धापा टाकायला लागल्या, ओठ पांढरे पडले, तेव्हा तिनं त्यांना धरून दवाखान्यात नेलं. रक्त फारच कमी भरलं. गोळ्या सुरू झाल्या, शिवाय डॉक्टर म्हणाले, "बीट, डाळिंब पोटात जाऊ द्या."

"बीट चालंल," साळूबाई म्हणाल्या. "डाळिंबाचं नाव काढू नगा."

ऋषिराजनं मिलिटरी कँटीनमधून आणलेला मिक्सर माळ्यावर धूळ खात पडला होता. क्रांतीनं तो खाली काढला. रोज सकाळी बीट, गाजर, आल्याचा तुकडा फिरवायचा आणि फडक्यातून रस पिळायचा. पण साळूबाईंना तो मातकट वास सोसेना. दोन घोट घेऊन त्या पेला बाजूला सारायच्या. चार समजुतीच्या गोष्टी सांगून झाल्या, रुसून झालं. शेवटी एका सकाळी क्रांतीनं मूठभर डाळिंबाचे दाणे भांड्यात टाकले. बिटाच्या रंगात दुसरा रंग कुणाला कळतोय! साळूबाईंनी पेला तळापर्यंत रिकामा केला.

"आज लय ग्वाड झालाय. तुज्या हाताला चव हाय बग," त्या म्हणाल्या.

सासूनं सुनेचं असं तोंडभर कौतुक करण्याचा योग येतो कितीदा? पण क्रांती नजर चुकवून पेला विसळायला लागली. तरी तिनं दुसऱ्या दिवशी दाणे टाकले, आणि मग रोजच. साली ती उकिरड्यात खोल पुरायची, चोरालाही वाटणार नाही इतक्या लाजेनं. साळूबाईंच्या ओठांना रंग आला, धाप कमी झाली, त्या पुन्हा उसाकडं चक्कर मारायला लागल्या. येईल त्याला सांगायच्या, "सुनंनं उभी केली मला." क्रांतीची मान तेवढी खाली जायची.

मग सीमेवर गोळीबाराच्या बातम्या आल्या आणि ऋषिराजचा फोन लागेनासा झाला. क्रांती टीव्हीपुढं गळून बसली. साळूबाई मात्र शांतपणे गहू निवडत होत्या.

"कशाला भितीस? मी सोडलंय की त्याच्यासाठनं. नाथबाबा बगंल."

क्रांतीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ज्याच्या भरवशावर ही बाई निर्धास्त बसली होती, तेच आपण रोज सकाळी मिक्सरमध्ये फिरवलं होतं. त्याला काही झालं तर? नवरा आपला, आणि त्याची राखण मोडली तीही आपणच. हा सगळा खुळेपणा आहे, हे तिला कळत होतं. तरी रडू काही थांबत नव्हतं. त्या दिवसापासून रसात डाळिंब पडलं नाही.

"रस पुन्ना मातकट कसा गं?"

"बीटच तसं आलंय, आत्या," ती म्हणाली. एक लपवायला आता दुसरं खोटं.

फोन आला. ऋषिराज सुखरूप होता. उन्हाळ्यात पलटण तिथून हलली आणि तो सुट्टीवर घरी आला. साळूबाईंनी पाटीभर डाळिंबं आणली, गल्लीतल्या बायका बोलावल्या. पहिलं डाळिंब देवापुढं ठेवून स्वतःच्या हातानं फोडलं. "दाणा लावला न्हाई तोंडाला. राखलं माज्या लेकराला," त्या सगळ्यांना सांगत होत्या आणि डोळे वाहत होते. क्रांती दाराला टेकून उभी होती. आता तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. हा आनंद त्यांचा त्यांना लाभू दे.

साळूबाईंनी दाणे तोंडात टाकले. चावता चावता थांबल्या. पुन्हा थोडे घेतले.

"अगं रंगू, एवढ्या दिसांनी खाल्लं, तरी नवं कसं लागंना?" त्या शेजारणीला हसत म्हणाल्या. "हे तर रोजचंच..." आणि हसू तिथंच राहिलं.

उरलेली डाळिंबं वाटायला लेकाच्या हाती देऊन त्या स्वयंपाकघरात आल्या. क्रांती मागोमाग गेली.

"बिटात काय घालत हुतीस?"

क्रांतीनं त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. त्या तोंड सोडतील, माहेरी जा म्हणतील, बोलणं टाकतील, या सगळ्याची तिनं मनाशी तयारी केली होती. साळूबाई मात्र ओट्याला धरून हळूहळू खाली बसल्या. बाहेरून ऋषिराजचं हसणं ऐकू येत होतं. त्यांनी तिकडं एकदा पाहिलं.

"मग माज्या लेकराला राखलं कुणी गं?" त्यांनी विचारलं.