धरायचं एक, येतंय दुसरं

ऑफिसातले किस्से धुळीसारखे असतात. आज झाडून काढा, उद्या टेबलाखाली पुन्हा तेवढेच! झाडू माझ्याच हातात असायचा, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच आले.

उमेळ्याला एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस. खिडकीबाहेर केळी, आत तीन जाडजूड कॉम्प्युटर. सर, मेल्विन आणि शिल्पा त्यावर मशीनची डिझाइन करायचे. मी सातवी शिकलेली, झाडू आणि चहा माझ्याकडे. आचोळ्याच्या आमच्या खोलीत माझ्या लेकीला, सायलीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिलाही कडेवर घेऊन यायचे. सर त्यावर कधी काही बोलले नाहीत.

सायलीही काही बोलत नव्हती. तिसरं लागलं तरी तोंडातून एक शब्द नाही. साधं ‘आई’सुद्धा नाही! ऐकू सगळं यायचं, हाक मारली की बघायची. डॉक्टर म्हणाले, "बोलेल, घाई करू नका." गावाहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "बोलली का?" मी त्या प्रश्नानेच दमून जायचे.

*

यांचं काम म्हणजे काय, तर स्क्रीनवर सुट्या तुकड्यांची मशीन जोडायची. ज्या तुकड्यात बदल करायचा, तो आधी माऊसने धरायचा. धरला की तो हिरवा होतो. ऐकायला सोपं! पण तुकडे एकात एक बसलेले. मागचा धरायला जावं तर पुढचा हातात येतो.

मेल्विनला एकदा झाकणाच्या आतला एक वॉशर हवा होता. क्लिक केलं की झाकण हिरवं. मशीन फिरवली, उलटी केली, पुन्हा झाकणच. चहा गार झाला, दुसरा दिला, तोही गार झाला. जेवायच्या सुट्टीला एकदाचा वॉशर सापडला. मेल्विन खुर्चीतून उठून नाचायला लागला.

शिल्पाने मान वळवून बघितलं. "अरे, पण ही तर कालची फाईल आहे."

*

एकेक तुकडा धरायचा कंटाळा आला की माऊसने चौकोन ओढायचा. डावीकडून उजवीकडे ओढला, तर जे पुरतं आत आलं तेवढंच धरलं जातं. उजवीकडून डावीकडे ओढला, तर ज्याला नुसता चौकोन शिवला तेसुद्धा येतं! मेल्विन नेमका उलटा ओढायचा. त्याला एक स्क्रू हवा असला की अर्धी मशीन यायची. सर ओरडून ओरडून थकले.

त्याच सुमाराला मेल्विन राजोडीला मुलगी बघायला निघाला. नवा शर्ट, केसांना तेल. शिल्पा त्याला दारात गाठून म्हणाली, "मेल्विन, तिथे तरी डावीकडून ओढ हां! उजवीकडून ओढलास तर सगळे मेव्हणे पण येतील."

लग्न ठरलं. पुढच्या आठवड्यात तीन धिप्पाड मेव्हणे ऑफिस बघायला आले.

शिल्पा म्हणाली, "सांगितलं होतं ना!"

*

आमच्या ऑफिसात एक रीत होती. डिलीटचं बटण दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, "काय धरलंय?" बाजूच्या माणसाने स्क्रीन बघून उत्तर द्यायचं, मगच दाबायचं.

ही रीत पडली ती सरांमुळेच. एकदा त्यांनी एक स्क्रू म्हणून धरलं आणि मशीनचे चारही पाय उडवले. लक्षात कुणाच्याच आलं नाही. ड्रॉइंग छापलं, वर्कशॉपला गेलं. तिथल्या मिस्त्रींचा फोन आला. "सर, मशीन टांगायची आहे का? हुक कुठे लावू?"

सरांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "ताई, चहा." चहा त्यांच्या हातातच होता!

*

शिल्पाचीही एक गंमत सांगते. तिने एका मशीनला नवी मोटर बसवली. जुनी उडवायची सोडून नुसती लपवली. लपवली की स्क्रीनवर दिसत नाही, पण आत असतेच. आणि सामानाची यादी कॉम्प्युटर आपोआप काढतो. टेम्पो आला, त्यातून दोन मोटरी उतरल्या.

"ही दुसरी कुणाची?" सरांनी विचारलं.

"सर, ती दिसत नव्हती," शिल्पा हळूच म्हणाली.

"हमालाला दिसली!"

*

सायलीचं सगळ्यांनीच मनावर घेतलं होतं. मेल्विनने तिला एक बिघडलेला माऊस खेळायला दिला. ती कोपऱ्यात बसून दिवसभर टकटक करायची. शिल्पा जाता-येता तिच्यासमोर बसायची. "म्हण, का-का. म्हण, मा-ऊ." सायली तिच्या टिकलीकडे बघत राहायची.

आमच्या शेजारणीने सांगितलं, पोपटाचा उष्टा पेरू द्या, मूल बोलायला लागतं. मी पोपट कुठून आणू? मेल्विनने ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवशी पिशवीभर टोचलेले पेरू घेऊन हजर! "आमच्या वाडीत पोपट एक धड ठेवत नाहीत, ताई. खा गो बाय, खा."

सायलीने मन लावून खाल्ले. शब्द नाहीच. माझं उतरलेलं तोंड बघून मेल्विन कानकोंडा झाला. "आमच्याकडचे पोपट पण तसे कमीच बोलतात. नुसते खातात."

मी हसले. मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि कप विसळायला घेतले.

*

शेवटचा किस्सा फरसाण पॅक करायच्या मशीनचा. पार्टी स्वतः बघायला येणार होती. पार्टी म्हणजे ज्यांना मशीन हवी ते शेठ, वापीचे, वयाने मोठे, शांत. मी सकाळपासून फरशी दोनदा पुसली. सायलीला ताप येऊन गेला होता, कडेवरून खाली उतरत नव्हती. तिला तशीच एका हाताने धरून मी चहाचा ट्रे नेला.

सरांनी ऐटीत सगळं एकदम दाखवायचं बटण दाबलं. "ही बघा, पूर्ण मशीन!"

स्क्रीन पांढरी. काहीच नाही.

सरांनी पुन्हा दाबलं. पांढरीच. मेल्विन उठला, शिल्पा उठली. "फाईल उडाली का?" "सकाळी तर होती!" सरांच्या कपाळावर घाम. शेठ चष्मा पुसून परत लावत होते. आदल्या दिवशी कुणीतरी मशीनमधला एक बोल्ट धरला होता आणि नकळत खेचून लांब, फार लांब टाकून दिला होता. कॉम्प्युटरला ती मशीन आणि तो बोल्ट एकाच स्क्रीनवर दाखवायचे होते. त्या नादात सगळं इतकं बारीक झालं की दिसेना. पण हे आम्हाला नंतर कळलं.

मी ट्रे ठेवायला वाकले. सायली कडेवरून पुढे झुकली. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिने बोट ठेवलं.

"मुंगी."

बशीत चहा सांडला.

कोपऱ्यात खरंच एक काळा ठिपका होता. सर ओरडले, "अरे, तीच! तीच आपली मशीन!" त्यांनी माऊसचं चाक झपाझप फिरवायला सुरुवात केली. ठिपक्याचं झुरळ झालं, झुरळाचा डबा झाला, डब्याला पट्टे फुटले, दाते फुटले, नळ्या फुटल्या आणि ती अख्खी मशीन स्क्रीनभरून सायलीच्या अंगावर आली.

सायलीने किंचाळून दोन्ही हातांनी माझा गळा आवळला.

"आई!"

सरांचा हात माऊसवर तसाच. पोरगी हमसून हमसून रडत होती, "आई, आई, आई."

शेठ अर्धवट उठले. "अहो, बंद करा ते! मुलगी घाबरली."

मी म्हटलं, "घाबरू दे हो. जरा घाबरू दे."